वरच्या आळीचं पाणी

शिराळा,
३ मार्च

पूजा,

आशीर्वाद हायेत तुला.

तू फोन केलास. लेकीनं, शिवांजलीनं, तो माझ्या कानाला लावला, पण मला नुसतं चिमणीगत चिवचिव ऐकू आलं. सव्वीस वर्षं मोटारीच्या खोलीत बसून कान गेले, त्यात नवल काय. तवा जे विचारायचं ते लिहून विचार. इथं पोस्टमन येतो, आणि मला पडून ऱ्हायल्याशिवाय दुसरा धंदा न्हाई. टाकीच्या शिडीवरनं पडलो ते खुब्याचं हाड मोडूनच. आत सळई घातलीया. डॉक्टर चार म्हयने म्हणतो. जावई देवमाणूस हाय, दुधाच्या टँकरवर असतो, लेक हातात ताट आणून देती. पण लेकीच्या दारात बसून खायाचं म्हंजे घास तोंडात फिरतो.

माझ्या जागी ग्रामपंचायतीनं तुला घेतलं ते कळलं. यशराज सरपंच म्हणाला, "तात्या, तुमी बरं होईपर्यंत." बरं झालं, घरातच ऱ्हायलं. चुलत पुतण्याची बायको म्हंजे सूनच माझी. वीरधवल तिकडं बॉर्डरवर, तू इकडं मोटारीवर. पण खरं सांगू? तुझं नाव ऐकून मला हसू आलं. बारावी झाली, साताऱ्याला पाच दिवस ट्रेनिंग झालं, म्हणून पाणी कळत न्हाई. पाणी हाताला कळतं.

स्टार्टर दाबायच्या आधी तिन्ही फेज बघ. हिरीत पाणी खाली गेलं की मोटारीचा आवाज पातळ व्हतो, तवा लगेच बंद कर, न्हाईतर मोटार जळंल. टाकी भराय अडीच तास. आधी खालच्या आळीला सोड, ती माणसं वरडत्यात. वरच्या आळीला सगळ्यात शेवटी.

आणि गावात कोण काय म्हणतंय तेबी कळव.

तात्या


हिंगणदरा, ता. खटाव,
११ मार्च

तात्या,

पाया पडते. पत्र काल मिळालं.

तुम्हाला हसू आलं ते बरोबरच आहे. पहिल्या दिवशी मला तर रडू आलं. स्टार्टर दाबला आणि मोटार नुसती गुरगुरली, एक फेज नव्हती. तोवर नळाच्या कोंडाळ्यावर पंधरा बायका घागरी मांडून उभ्या. वरच्या आळीच्या चंद्राबाई आजी मोठ्यानं म्हणाल्या, "दादासो असता तर आत्तापतोर पाणी घरात आलं असतं."

तात्या, हे वाक्य मी रोज ऐकते. पाणी लवकर आलं तरी आणि उशिरा आलं तरी. रागानं कुणी म्हणत नाही, सवयीनं म्हणतात. पण मला ते लागतं. मी पहाटे पाचला उठून सासूबाईंचं आवरून मोटारीवर जाते, आणि श्रेय शिराळ्याला तुमच्या खाटेवर पोचतं. चेष्टा करते हं.

एक नवीन केलंय. शाळेच्या भिंतीवर फळा लावला. कुठल्या आळीला किती वाजता पाणी, ते रोज लिहिते. पहिले दोन दिवस सगळे हसले. आता बायका फळा बघून रानात जातात, वेळेला परत येतात. दिवसभर नळापाशी कुणी बसून राहत नाही.

एक गोष्ट मात्र जमत नाही. वरच्या आळीला पहिली दहा मिनिटं पाणी गढूळ येतं. वासही येतो. चंद्राबाई म्हणतात, "दादासोच्या टायमाला असं कवाच न्हवतं." तुम्ही काय करत होता? टाकीखाली चार व्हॉल्व्ह आहेत, चारही फिरवून पाहिले. आणखी एखादा कुठं आहे का?

तुमची,
पूजा


शिराळा,
१८ मार्च

पूजा,

फळा लावलास म्हंजे शाळाच काढलीस म्हण की. माझ्या टायमाला फळा न्हवता. मी कोंडाळ्यावर उभा ऱ्हायलो की लोकांना कळायचं पाणी आलं. बाया माझ्याशी दोन शब्द बोलायच्या, कुणाचं दुखणं, कुणाची पोर बाळंतपणाला आली, सगळं मला कळायचं. आता त्या भिंतीशी बोलत्यात व्हय? बरं हाय.

गढुळाचं विचारलंस. वॉल चारच. पाचवा न्हाई. तू झटक्यानं उघडतीस, म्हणून पायपातला गाळ उठतो. हळू फिरव. एका खेपेला सव्वा आटा, मग थांब, मग पुन्ना. हात बसाय वेळ लागतो. मला दोन वर्षं लागली व्हती.

चंद्राबाईला माझा नमस्कार सांग. ती आणखी काय म्हणाली? बनुबाई काय म्हणती? सगळं लिहीत जा, कंटाळा करू नको.

तात्या


हिंगणदरा,
९ एप्रिल

तात्या,

पाया पडते. पायाचं कसं आहे? वॉकरवर चालायला लागलात, असं शिवांजलीताईंनी कळवलं. बरं वाटलं.

इकडं लय घडामोडी झाल्या. आम्ही टाकी धुतली. बचत गटाच्या अकरा जणी शिडीनं आत उतरलो, साड्या खोचून. सोळा घमेली गाळ निघाला. आत इतकं गार होतं की वर यावंसंच वाटेना, बनुबाईंनी तर आत ओवी म्हटली, ती टाकीत घुमली. वर आल्यावर त्यांनीच विचारलं, "ही कवा धुतली व्हती गं?" मी म्हटलं, तात्यांचे गुडघे दुखायचे, त्यांना उतरणं व्हायचं नाही.

हे पंचायत समितीपर्यंत गेलं. साहेब आले, शाळेच्या पटांगणात मला शाल आणि नारळ दिला, पेपरात फोटो आला. कात्रण सोबत आहे. ह्यांना मोबाईलवर पाठवलं, ते म्हणाले युनिटमध्ये सगळ्यांना दाखवलं. पण मला आधी तुम्हाला दाखवावंसं वाटत होतं. तुम्ही खुश व्हाल म्हणून.

आता कामाचं. तीन आठवडे व्हॉल्व्ह हळू फिरवला. काही फरक नाही. ट्रेनिंगमध्ये दिलेल्या बाटलीनं मी पाणी तपासते. थेंब टाकला की पाणी पिवळं व्हायला पाहिजे, म्हणजे जंतुनाशक पावडर नीट पोचली. टाकीत पिवळं होतं. खालच्या आळीत होतं. वरच्या आळीत पहिल्या पाण्याला रंगच येत नाही, अगदी कोरं राहतं.

हाफिजभाईंना विचारलं, लाईन टाकताना ते तुमच्याबरोबर होते ना. ते म्हणाले, "ओढ्याच्या खोलगटीत घाण काढायचा एक वॉल बसवला व्हता असं वाटतंय, पण नंतर मी मस्कतला गेलो. दादासोलाच विचार." तात्या, नीट आठवून सांगा. मे महिना तोंडावर आलाय, विहीर खाली चाललीय. एक दिवसाआड पाणी करावं लागणार. मग लोक पहिलं पाणी कशाला ओतून देतील? तेच भरतील.

वाट बघते.

पूजा


शिराळा,
१६ एप्रिल

पूजा,

कात्रण मिळालं. शिवांजली भिंतीला चिकटवाय निघाली व्हती. मी म्हणलं ऱ्हाऊ दे, रंग निघतो.

सोळा घमेली गाळ निघाला, हे गावाला, साहेबाला, पेपरवाल्याला सांगून झालं. म्हंजे दादासोनं सव्वीस वर्षं लोकांना गाळ पाजला, असंच ना? तसं तू म्हणाली नसशील, पण लोक तसंच समजणार. पावसात, थंडीत, माझी बायको गेली त्या दिवशीसुद्धा मी आधी पाणी सोडलं आणि मग तिला न्हेलं. मला कुणी शाल दिली न्हाई. सुपारी दिली न्हाई. दोन म्हयने झालं न्हाईत तुला, आणि तुझा फोटू. चांगलंय. बाईमाणसाचा फोटू चांगला येतो.

ओढ्यात कायबी न्हाई. हाफिज म्हातारा झाला, मस्कतला त्यानं हजार वॉल बसवलं असतील, त्यातला एखादा त्याला आपल्या ओढ्यात दिसत असंल. तिथं खणत बसू नको. पायप फुटला तर अख्खं गाव तुझ्या नावानं बोंबलंल, मग शाल कुठं ठेवशील?

आणि तुझ्या बाटलीतलं औषध जुनं झालं असंल. नवीन माग.

तात्या


हिंगणदरा,
१२ मे

तात्या,

थोडक्यात लिहिते.

गेल्या रविवारी वरच्या आळीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. मंगळवारपर्यंत एकोणीस जण. जोतिबा अण्णांची नात आणि चंद्राबाई आजी, दोघींना साताऱ्याला दवाखान्यात हलवलं. नात सुधारतेय. आजींचं अंगातलं सगळं पाणी गेलं होतं, लघवी बंद होती दोन दिवस. परवा मी बघायला गेले. त्यांच्या लेकीनं मला दारातच अडवलं. म्हणाली, "आता कशाला आलीस? फोटू काढायला?"

वरच्या आळीची लाईन बंद केलीय, टँकर येतो.

काल खास ग्रामसभा झाली. मी जंतुनाशक पावडर टाकलीच नाही, असं सगळे म्हणाले. मी बाटली दाखवली, रोजची नोंद दाखवली. कुणी बघितली नाही. कुणीतरी फळा उचकटून ओढ्यात फेकला. मला कामावरून काढलं. मी मोटारीच्या खोलीची किल्ली सरपंचांच्या टेबलावर ठेवली आणि आले.

औषध जुनं असेल, हे तुमचं म्हणणं खरं निघालं असतं तर बरं झालं असतं. नवीन मागवलं होतं. तरी कोरंच आलं.

पूजा


शिराळा,
१७ मे

पूजा,

तुझं पत्र परवा आलं. त्याच दिवशी यशराज सरपंचाचा शिवांजलीला फोन आला. ती पळत आली आणि माझ्या कानात वरडली, "आबा, तुमाला बोलावलंय! गाव म्हणतंय आमाला दादासोच पायजे!" तिनं शिरा केला. जावयानं शेजारी वाटला. मी चमचा तोंडात घातला आणि तो तसाच ताटात काढून ठेवला.

दोन दिवस झाले, मी कागद घेतोय आणि ठेवतोय. आता लिवतो.

वॉल हाय. हाफिज खरं बोलला. शाळेच्या मागनं ओढ्यात उतरलं की डाव्या अंगाला एक पिंपरणीचं झाड हाय. त्याच्यापास्नं सात पावलं वर, वीतभर मातीखाली एक फरशी. फरशीखाली वॉल.

आणि त्याच्याजवळ पायपाचा जॉइंट फुटलाय, चौदा वर्षं झाली. मीच एकदा कुदळ मारून फोडला. कळलं तर लोक नावं ठेवतील म्हणून ट्यूब गुंडाळली, तारेनं आवळली आणि माती टाकली. पाणी बंद झालं की रिकामा पायप तिथनं ओढ्याची घाण आत ओढतो. म्हणून मी वरच्या आळीला सोडायच्या आधी रोज कुणाला न दिसता ओढ्यात जायचो, तो वॉल दहा मिनिटं उघडून घाण काढून द्यायचो, मग बंद करून वर पाणी सोडायचो. लोक म्हणायचे, दादासोचा हात लागला की पाणी नितळ. मला ते लय आवडायचं.

तू पहिल्यांदा विचारलंस तवा सांगणार व्हतो. पण फळ्याचं वाचलं. मग वाटलं, होऊ दे थोडा घोळ. म्हणतील, दादासोच पायजे. दुसऱ्या खेपेला तू लिहिलंस की टाकीत पिवळं आणि वर कोरं. त्या एका ओळीनं मला सगळं कळलं व्हतं. तू कोरं लिहिलंस आणि मला तो ओढा दिसला. पण त्याच पाकिटात तुझा शाल घेतलेला फोटू व्हता. मी फोटू बघत बसलो आणि ती ओळ झाकली.

चंद्राबाईचं ऐकल्यापास्नं जेवण जात न्हाई. मी सरपंचाला काय सांगू? यशराजला अजून कायबी कळवलं न्हाई. तूच सांग.

तात्या


शिरवळ,
१८ मे

तात्या,

मी माहेरी शिरवळला आलेय, पत्ता वर लिहिलाय. भावाची कंपनी इथंच आहे, तो म्हणतो पॅकिंगला जागा आहे, लागतेस का.

गावातून निघताना कळलं की तुम्हाला परत बोलावलंय. मला बरं वाटलं, खोटं नाही. एक कबूल करायचं होतं. मी तुमच्यावर जळत होते. रोज सकाळी तुमचं नाव ऐकून वाटायचं, हा माणूस इतक्या लांब असून माझ्या पुढं कसा? टाकी धुतली ती पाण्यासाठी धुतली, पण थोडी तुमच्यासाठीपण धुतली, तुम्ही जे केलं नाही ते करून दाखवायला. कात्रण पाठवलं तेव्हा तुम्हाला ते टोचेल, हे मला कुठंतरी माहीत होतं. मी खुश व्हाल असं लिहिलं, पण ते पुरतं खरं नव्हतं.

तुमच्यासारखा हात माझा नाही, हे मी मान्य केलंय. वरच्या आळीची काळजी घ्या. चंद्राबाई आजींची माझ्यातर्फे माफी मागा.

पूजा


शिरवळ,
२४ मे

श्री. दादासो यांस,

तुमचं पत्र हिंगणदऱ्याला गेलं, तिथून सासूबाईंनी इकडं पाठवलं. माझं आधीचं पत्र तुम्हाला मिळालं असेल. ते परत पाठवता आलं तर पाठवा.

मी चंद्राबाईंना माझ्या माफीचा निरोप तुमच्याकडून धाडला होता. मी. तुमच्याकडून.

दोन वेळा विचारलं मी तुम्हाला. दुसऱ्यांदा तर हात जोडूनच विचारलं म्हणा. एकोणीस माणसं, तात्या. जोतिबा अण्णांची नात सहा वर्षांची आहे. तुम्ही तिच्या बारशाला जेवला होता.

ह्यांना फोनवर सांगितलं.  ते म्हणाले, पत्र सरपंचांच्या हातात दे, मोकळी हो. आई म्हणाली, पोलिसात जा. मी पत्र घडी करून ब्लाउजमध्ये घालून फिरतेय. ग्रामसभेत ते मोठ्यानं वाचावं असं इतकं वाटतं की रात्री झोप येत नाही. सगळ्यांच्या तोंडाकडं बघत वाचावं. तुमच्या चंद्राबाईंच्या लेकीकडं बघत वाचावं.

पण मग ते माझं सांगणं होईल, आणि त्यातले निम्मे म्हणतील, पूजानं स्वतःला वाचवायला म्हाताऱ्यावर ढकललं. तुमचं नाव तिथं इतकं मोठं आहे. म्हणून मी वाचणार नाही. तुम्ही सांगा. तुमच्या तोंडानं, सगळ्यांसमोर. ३० तारखेला ग्रामसभा आहे, तुम्हाला परत घ्यायचा ठराव करणार आहेत. मी येणार नाही. मला तुमच्याकडं बघवणार नाही.

नाही सांगितलंत तर ३१ तारखेला पत्र सरपंचांकडं जाईल.

पूजा


शिराळा,
२ जून

पूजा,

गेलो व्हतो. सांगितलं. कसं झालं ते तुला कळलं पायजे, म्हणून लिवतो.

जावयानं जीप केली. शिवांजलीला वाटेत, औंधाच्या अलीकडं, खरं सांगितलं. जीप थांबवून ती खाली उतरली आणि पाठमोरी उभी ऱ्हायली. मग आत येऊन बसली, पण माझ्याशी बोलली न्हाई. अजून बोलत न्हाई.

शाळेच्या पटांगणात माणसं भरलेली. वॉकर घेऊन उतरलो तर बाया पुढं आल्या. "आलं तात्या, आता पाणी येणार." बनुबाईनं माझ्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पूजा, खोटं कशाला बोलू, चार पावलं मला लय बरं वाटलं. सव्वीस वर्षांत असं कुणी आलं न्हवतं. यशराजनं हार उचलला. मनात आलं, घालून घ्यावा, सांगावं मग कधीतरी.

म्हणलं, "हार ठेव खाली. आधी ऐका."

सगळं सांगितलं. जॉइंटचं, ट्यूबचं, वॉलचं. तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा न्हाई म्हणालो, तेबी.   हाफिज उठला, कुणाचं तरी खोरं घेतलं आणि ओढ्याकडं चालाय लागला. निम्मी सभा त्याच्या मागं गेली. मी खुर्चीवर. अर्ध्या तासानं आले. हाफिजच्या हातात ती ट्यूब व्हती, काळी, कुजलेली, तिला केस आणि चिंध्या लागलेल्या. त्यानं ती माझ्या पुढ्यात टाकली.  चाळीस वर्षांचा दोस्त माझा.

बनुबाई म्हणाली, माझ्या कानाशी येऊन, मला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं: "पोरीवर जळलास, आन घाण आमच्या घशात घातलीस व्हय रं?"

मी व्हय म्हणालो.

कुणीतरी वरडलं, पोलिसात द्या. जोतिबा उठून माझ्यापुढं आला. त्याची नात घरी आलीया, त्यानं तिला कडेवर घेतलं व्हतं. म्हणाला, "पोलीस काय करायचाय. मी तर ह्याला माझ्या दारात घोटभर पाणीबी विचारायचा न्हाई." आणि निघून गेला. यशराज म्हणाला, त्याला तालुक्याला कळवावं लागंल. म्हणलं, कळव. येईल ते भोगीन.

चंद्राबाईच्या घरी गेलो. तिची लेक आडवी आली न्हाई, उलट बाजूला झाली, जणू बघ जाऊन काय केलंस ते. हाडांवर नुसतं कातडं ऱ्हायलंय. मी खाटेजवळ बसलो, हात जोडले. तिनं माझ्याकडं बघितलं. ओळखलं, सगळं तिच्या कानावर आधीच गेलं व्हतं. मग लेकीला खूण केली. लेकीनं तिला कूस बदलून भिंतीकडं वळवली.

दुसऱ्या दिवशी हाफिजनं नवा जॉइंट घातला. ठराव झालाय: तुला परत बोलवायचं, आणि गावानं तुझी माफी मागायची. यशराज स्वतः शिरवळला येणार हाय. जायाचं का न्हाई ते तू ठरव. न्हाई म्हणालीस तरी कुणाला बोलायला तोंड न्हाई.

मी परत येत न्हाई. हिंगणदऱ्यात मला जागा ऱ्हायली न्हाई, आणि ऱ्हायलीच पायजे असं मला वाटतबी न्हाई.

दादासो


हिंगणदरा,
११ जून

तात्या,

मी आलेय. सरपंच आले होते, त्यांच्याबरोबर हाफिजभाई आणि चंद्राबाईंची लेकही. ती गाडीतून उतरलीच नाही, आतूनच रडत होती. मी पॅकिंगला दोन आठवडे जाऊन आले होते. तिथं काम सोपं आहे, कुणी कुणाचं नाव घेत नाही. तरी आले.

सोमवारी वरच्या आळीला पाणी सोडलं. आधी ओढ्यात जाऊन व्हॉल्व्ह उघडला. जॉइंट नवा आहे, घाण येत नाही, तरी उघडला. मग नळावर बाटली घेऊन गेले. पाणी पिवळं झालं. बाया घागरी घेऊन उभ्या होत्या, पण लावायला कुणी पुढं होईना. मी ओंजळीनं पिऊन दाखवलं, मग भरलं त्यांनी.

राग गेलेला नाही माझा. जाईल असं लिहिलं तर ते खोटं होईल. तुम्ही सभेत सांगितलंत हे मोठं आहे, सगळे म्हणतात. मला तेही नीट ऐकवत नाही. तुम्ही चुकलात तरी चर्चा तुमचीच.

आता एकच विचारते, आणि या वेळी मला खरं उत्तर पाहिजे. आणखी कुठं काय पुरलेलं आहे?

पूजा


शिराळा,
१६ जून

पूजा,

दोन जागा हायेत.

मारुतीच्या पारामागं, चौथऱ्याच्या उगवतीच्या कोपऱ्यापास्नं तीन हात, जमिनीत हवा काढायचा एअर वॉल हाय. खालच्या आळीला पाणी धापा टाकत आलं की तो मोकळा करायचा. तू अजून विचारलं न्हाईस, पण पुढल्या उन्हाळ्यात विचारशील. दुसरी हिरीच्या आत. उतरताना अकराव्या पायरीला दगडात एक फट हाय, तिथं जुन्या आडाचा झरा मी सिमेंट लावून बंद केलाय. पाणी सगळ्यांत कमी झालं की मी तो फोडायचो आणि दुसऱ्या दिवशी परत बुजवायचो, म्हणजे लोक म्हणायचे, दादासोनं कुठनं तरी पाणी आणलं. तो कायमचा फोडून टाक. हाफिजला घे बरोबर, एकटी उतरू नको.

एवढंच. आता माझ्याकडं कायबी न्हाई.  नकाशा काढता येत न्हाई मला, पण कळंल तुला.

तू लिहिलंस की पाणी पिवळं झालं. ते वाचलं आणि बरं वाटलं. आणि लगेच पोटात दुखलं. खरं सांगतो, पूजा, एकोणीस माणसं आजारी पाडून, सगळ्या गावापुढं उभा ऱ्हाऊन, चंद्राबाईची पाठ बघूनसुद्धा ते गेलं न्हाई. तुझं नाव कुणी चांगलं घेतलं की अजून आत कायतरी पेटतं. म्हातारपणी हे नवीन कळलं मला. तवा कामाचं लिहीत जा, कौतुकाचं लिहू नको. आणि काय विचारलंस तर मी उत्तर त्याच दिवशी टाकीन, दुसरा दिवस उजाडू देणार न्हाई. दुसऱ्या दिवशी माझा मलाच भरवसा न्हाई.

दादासो